धुरावरचा कर आणि सीमेवरची जकात

कोळसा व तेल जाळल्याने हवेत मिसळणाऱ्या कर्बवायूवर कर बसविण्याची प्रथा १९९० साली फिनलंडने पाडली खरी. परंतु या कराचे मर्म जाणावयाचे तर पुढच्याच वर्षीचे स्वीडनचे दप्तर उघडावे लागते. त्या देशाने आपल्या करव्यवस्थेची फेरमांडणी करताना प्राप्तीवरील कराचा बोजा पुष्कळच हलका केला, आणि खजिन्यात येणारी तूट भरण्यासाठी ज्या तजविजी योजल्या, त्यांत टनामागे २५० क्रोनरचा हा कर्बकर होता. नळांवाटे घरोघर ऊब पुरविणाऱ्या नगरोनगरीच्या उष्णतागृहांना त्यामुळे कोळसा महाग झाला, आणि करमुक्त असलेला अरण्यातील लाकूडफाटा किफायतीचा ठरला.

कारखानदारांची गोष्ट निराळी. पोलाद आणि कागद परदेशच्या पेठांत विकावयाचे, आणि तेथील प्रतिस्पर्ध्यांवर तर असा बोजा नाही, या सबबीवर १९९३ साली सरकारने उद्योगांस तीन चतुर्थांश सूट दिली. ती उणावत उणावत नाहीशी होण्यास २०१८ साल उजाडले. ज्याला गाशा गुंडाळून जाता येत नाही त्याच्याकडून पुरती वसुली, ज्याला येते त्याला माफी, हा न्याय आमच्या जुन्या महसुली अंमलदारांनाही पटला असता!

नॉर्वेने मात्र १९९१ पासून समुद्रातील तेलक्षेत्रांनाच हात घातला. त्यांपैकी स्लाइप्नर या क्षेत्रातील नैसर्गिक वायूत सुमारे नऊ टक्के कर्बवायू असतो. गिऱ्हाइकास तो अडीच टक्क्यांहून अधिक चालत नाही. आणि वेगळा काढून हवेत सोडावा तर कर द्यावा लागतो. तेल कंपनीने हिशेब केला आणि १९९६ पासून दरसाल सुमारे दहा लाख टन कर्बवायू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात पुरण्यास आरंभ केला. वायूचे क्षेत्र उचलून कोणी दुसऱ्या राज्यात नेऊ शकत नाही.



उद्योगांना माफी देण्याचा मार्ग हळूहळू सोडत युरोपीय संघाने आता सीमेवरच नाका उभारला आहे: २०२३ च्या ऑक्टोबरपासून आयात पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम व खते यांच्या धुराचा तपशील मागविला गेला, आणि २०२६ च्या जानेवारीपासून त्यावर आकारणी लागू झाली. हिंदुस्थान सरकारने २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपयांचा उपकर बसविला, तो २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर नेला. तथापि तो कोळशावरचा होता, पोलादाच्या धुराचा हिशेब त्यात नव्हता. निर्यातदाराने स्वदेशी कर्बाची किंमत प्रत्यक्ष भरली असल्यास तेवढी वजावट देण्याची तरतूद या युरोपीय कायद्यात आहे, म्हणजे आमच्या भट्टीच्या धुराचे पैसे दिल्लीच्या खजिन्यात पडावेत की युरोपच्या, हा निर्णय आता दिल्लीनेच करावयाचा आहे.