शेजारघरे : लंडन ते नागपाडा

ज्ञातीच्या निधीतून ज्ञातीतील वृद्धांस व विद्यार्थ्यांस साहाय्य करावे, ही आपली जुनी रीत. परंतु भिंतीपलीकडच्या परज्ञातीय शेजाऱ्याचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर आम्हांस लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीत सापडते.

तेथे १८८४ साली पाद्री सॅम्युएल बार्नेट व त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी टॉयन्बी हॉल स्थापिला. विद्यापीठातील तरुणांनी दुरून दान न धाडता गरिबांतच बिऱ्हाड करावे, हा त्यामागील हेतू. वृद्धांस सरकारी वेतन मिळावे, असे बार्नेट यांनी १८८३ सालीच प्रतिपादिले होते. कायदा होण्यास १९०८ साल उजाडले. सत्तरी गाठलेल्या गरजूंस आठवड्यास फार तर ५ शिलिंग मंजूर झाले. रक्कम क्षुल्लक खरी, पण तिच्यामुळे कित्येकांची दरिद्रालयाची पायरी चुकली.

टॉयन्बी हॉल पाहून गेलेल्या जेन ॲडम्स यांनी एलन गेट्स स्टार यांच्यासह १८८९ साली शिकागोत हल हाउस काढले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यास नेबरहूड हाउस उभारले. त्याच वास्तूत १९३६ साली सुरू झालेली समाजकार्याची शाळा म्हणजेच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

हल हाउसची संस्था, बहुतेक भिस्त सरकारी पैशावर असल्याने, २०१२ साली बंद पडली. टॉयन्बी हॉलमध्ये मात्र १८९८ साली सुरू झालेला मोफत कायदेविषयक सल्ला अद्याप मिळतो.