पेढीवर सांगितलेली गोष्ट

मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज, आजारपणात मोडलेला दागिना, थकलेला हप्ता, या गोष्टी माणूस सख्ख्या भावालाही चटकन सांगत नाही. परंतु त्या त्याला पेढीवर सांगाव्या लागतात. जुन्या काळी मुनीम त्या खातेवहीत टिपून घेई आणि वही लाल कापडात बांधून ठेवी. ती वही कोणापुढे उघडावयाची नाही हा व्यवहाराचा संकेत होता. संकेत मोडला तर ग्राहकाने दाद कोठे मागावयाची, या प्रश्नाला मात्र कित्येक वर्षे निश्चित उत्तर नव्हते. ते उत्तर कसे मिळत गेले, त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

आरंभ इंग्लंडात झाला. तेथे टूर्नियर नावाच्या एका खातेदाराच्या खात्यावर सुमारे ९ पौंडांची उचल झाली होती. दर आठवड्यास १ पौंड भरून ती फेडण्याचे त्याने मान्य केले आणि नव्या नोकरीच्या ठिकाणचा पत्ता बँकेला दिला. पुढे हप्ते थकले. त्याचा घरचा पत्ता विचारण्यासाठी शाखेच्या व्यवस्थापकाने त्याच्या मालकांना दूरध्वनी केला. बोलण्याच्या ओघात खात्यावरील उचल आणि हा मनुष्य पैजा लावीत असावा हा संशय, या दोन्ही गोष्टी त्याने सांगून टाकल्या. नोकरीची ३ महिन्यांची मुदत संपली, तेव्हा ती वाढवून मिळाली नाही. पत्ता विचारण्यापुरते बोलणे आणि त्यापुढची चार वाक्ये, एवढ्या अंतरात एका माणसाची भाकरी गेली.

त्याने बँकेवर दावा लावला. खालच्या न्यायालयात तो हरला. परंतु १९२३च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने तो निकाल फिरवून नव्याने सुनावणी करण्याचा हुकूम दिला. ग्राहकाची गुप्तता राखणे हे बँकेचे सौजन्य नसून ते तिच्या कराराचे अंग होय, असे न्यायमूर्तींनी ठरविले. या बंधनाला त्यांनी चारच अपवाद मानले : कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचे स्वतःचे न्याय्य हित आणि ग्राहकाची संमती. खाते बंद झाले तरी हे बंधन सुटत नाही, असेही न्यायमूर्ती ॲटकिन यांनी सांगितले. भारतातील न्यायालयांनीही पुढे या निकालाचा आधार घेतला. १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर झालेल्या १९७०च्या कायद्यात तर ग्राहकाची गुप्तता राखण्याचे कलमच घालण्यात आले.

सर्वत्र मात्र असे घडले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली अगदी उलट मत दिले. खातेदाराने आपले धनादेश आणि भरणा-चिठ्ठ्या एकदा बँकेच्या हाती दिल्या की त्यांच्यावरील गुप्ततेचा घटनात्मक हक्क त्याने सोडला, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. या निकालाने लोकांत अस्वस्थता पसरली आणि दोन वर्षांतच, १९७८ साली, तेथील विधिमंडळाला ग्राहकांच्या संरक्षणासाठी निराळा कायदा करावा लागला.

यांपैकी कोणती वाट धरावयाची, हा प्रश्न भारतात हैदराबादच्या एका प्रकरणाने पुढे आणला. आंध्र प्रदेशाने १९८६ साली मुद्रांक कायद्याच्या ७३व्या कलमात दुरुस्ती केली होती. तिच्या आधारे जिल्हाधिकाऱ्याने नेमलेल्या कोणाही व्यक्तीला बँकेत शिरून ग्राहकांचे दस्तऐवज तपासता येत. मुद्रांकशुल्क बुडते आहे काय हे पाहावे, हा हेतू. कॅनरा बँकेने याला हरकत घेतली. १ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. खाजगीपणा हा जागेला चिकटलेला नसून माणसाला चिकटलेला आहे. म्हणून कागद घरच्या पेटीतून बँकेच्या तिजोरीत गेला तरी त्याची गुप्तता संपत नाही, हे त्या निकालाचे सार होय. अमेरिकेचे १९७६चे मत भारताने स्वीकारले नाही.

तरीही पाया पुरता पक्का नव्हता. १९६२ साली खडकसिंग खटल्यात बहुसंख्य न्यायाधीशांनी घटनेत खाजगीपणाचा मूलभूत हक्क नाही असे म्हटले होते. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत त्याविरुद्ध होते, पण ते अल्पमतात राहिले. कर्नाटकाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी ९ न्यायाधीशांनी एकमुखाने तो हक्क मान्य केला, तेव्हा ५५ वर्षांपूर्वीचे ते अल्पमत खरे ठरले.

त्यानंतर २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. आपली कोणती माहिती घेतली आणि ती कोणाला दिली हे विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, निरुपयोगी माहिती पुसून टाकावयास लावण्याचा आणि गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क त्याने ग्राहकाला दिला. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असेही त्यात आहे. वडोदऱ्याचा किंवा ग्वाल्हेरचा मराठी ग्राहक ती मराठीत मागू शकेल, गोव्याचा कोकणीत. या कायद्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. हक्कांच्या मुख्य कलमांच्या अंमलासाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

तक्रारीची वाट या कायद्याने क्रमाने आखली आहे. प्रथम ज्या संस्थेने माहिती घेतली तिच्याकडेच गाऱ्हाणे न्यावयाचे. तिने ते नियमांप्रमाणे अधिकात अधिक ९० दिवसांत निकालात काढावयाचे. तेथे समाधान झाले नाही तरच माहिती-संरक्षण मंडळाकडे जावयाचे. बँकेच्या बाबतीत याहून जुनी वाटही आहे. रिझर्व बँकेने २०१४च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेल्या सनदेत ग्राहकाचे ५ हक्क सांगितले, त्यांत खाजगीपणाचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

अशा तक्रारीत तीन गोष्टी असाव्यात : कोणती माहिती केव्हा आणि कोणत्या कामासाठी दिली, ती कोणाकडे गेल्याचे कशावरून कळले, आणि आता संस्थेने नेमके काय करावे. अर्जाची प्रत व पोच जपून ठेवावी. ३० किंवा ९० दिवस मोजावयाचे ते त्या पोचेवरील तारखेपासून. तोंडी बोलणे हवेत विरते. खोटी तक्रार मात्र करू नये. तिच्यासाठी २०२३च्या कायद्यात दंड सांगितला आहे.

आपला व्यवहार लहान, रक्कम थोडी, मग गाऱ्हाणे कशाला मांडावयाचे, असे पुष्कळांना वाटते. अशा वेळी त्या इंग्रज खातेदाराचे स्मरण ठेवावे. त्याचे देणे अवघे ९ पौंडांचे होते. परंतु तो गप्प बसला नाही, म्हणून बँकेने गप्प राहिले पाहिजे हा नियम जगाला मिळाला.