औषध संपले तेव्हा

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीत ॲल्बर्ट अलेक्झांडर ह्या ४३ वर्षांच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिनचे इंजेक्शन देण्यात आले. जंतू त्याच्या रक्तात भिनले होते. एक डोळा आधीच काढावा लागला होता. चोवीस तासांत त्याला उतार पडू लागला. पुढे ताप उतरला, अन्नावर वासना आली. परंतु हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली ह्यांच्या प्रयोगशाळेत बुरशीपासून काढलेले ते औषध इतके तुटपुंजे होते की, रुग्णाच्या लघवीतून ते पुन्हा वेगळे करून त्यालाच टोचावे लागे. पाच दिवसांत साठा संपला. आजार उलटला आणि १५ मार्च रोजी तो मरण पावला.

ह्या शोकांतिकेनंतर उत्पादन वाढवण्याची शर्थ झाली. स्वतंत्र भारतातही १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचले. टंचाई सरली, संकट मात्र सरले नाही.

त्या संकटाची चाहूल आधीच लागली होती. पेनिसिलिन निकामी करणारे द्रव्य काही जंतू तयार करतात, हे चेन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड एब्रहॅम ह्यांनी १९४० सालीच, म्हणजे अलेक्झांडरच्या उपचारापूर्वी, प्रसिद्ध केले होते. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, असा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात दिला. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. मेरी बार्बर ह्यांना १९४८ पर्यंत असे दिसले की, तेथील रुग्णांत आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी निम्म्याहून अधिक पेनिसिलिनला दाद देत नाहीत. १९६१ मध्ये तर मेथिसिलिन ह्या अगदी नव्या औषधालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्येच सापडले.

बार्बरबाई हताश झाल्या नाहीत. हॅमरस्मिथला त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिजैविकांच्या वापराला शिस्त लावली, संसर्ग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाऊ नये म्हणून काळजी घेतली आणि प्रतिरोधी जंतूंचे प्रमाण घटल्याचे १९६० साली जाहीर केले. गेलेली जमीन काही अंशी परत मिळवता येते, हा धडा त्यातून मिळाला.

आज मोठी रुग्णालये हेच व्रत चालवतात. इंग्रजीत त्याला जे नाव आहे, त्याचा आशय आपल्या 'कारभारी' ह्या शब्दात नेमका सापडतो: जे आपले एकट्याचे नाही, ते सांभाळून वापरणारा. रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची शंका येताच प्रथम तपासणीसाठी रक्त घ्यायचे आणि लगेच व्यापक परिणामाचे औषध सुरू करायचे, कारण येथे विलंब प्राणावर बेततो. दोन-तीन दिवसांत जंतूची ओळख पटली की तेवढ्याच जंतूला पुरणारे साधे औषध द्यायचे आणि गरज संपताच तेही थांबवायचे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांचे तीन गट पाडले: सहज द्यायची, सावधपणे द्यायची आणि अखेरच्या प्रसंगासाठी राखून ठेवायची. आपल्याकडेही मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक झाले आहे.

ही केवळ डॉक्टरांची बाब नव्हे. २०१९ ह्या एका वर्षात प्रतिरोधी जंतूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. आपला माणूस अतिदक्षता विभागात असताना 'सगळ्यात भारी औषध द्या' असे आपण काकुळतीने म्हणतो. त्यामागची माया खरी असते. पण अहवाल आल्यावर डॉक्टरांनी भारी औषध बंद करून साधे सुरू केले, तर ती हेळसांड समजू नये. शेजारच्या खाटेवर उद्या येणाऱ्या कुणाच्या तरी मुलासाठी ते औषध शिल्लक राहत असते. अलेक्झांडरच्या वेळी कपाट रिकामे होते. आपल्या मुलांच्या वेळी कपाट भरलेले असेल. त्यातल्या औषधांत गुण उरलेला असावा, एवढे मात्र आपल्या हाती आहे.