घनाकृतींचे नामकरण : संगणकीय रेखांकनातील आकार-ओळखीचा इतिहास

कारखान्यातील अनुभवी कारागिरापुढे यंत्रभागाचे रेखांकन ठेवले असता, ही इष्टिकाचिती, ही वृत्तचिती, हे आरपार भोक, ही खाच, अशी नावे तो क्षणार्धात सांगतो. संगणकाच्या संग्रहात मात्र बहुधा केवळ बिंदू, कडा आणि पृष्ठे असतात; नावे नसतात. ही नावे आज्ञावलीच्या द्वारे कशी शोधावीत, हा प्रश्न साठ वर्षांहून अधिक काळ अभ्यासकांपुढे आहे. त्या प्रयत्नांचा इतिहास पाहता असे दिसते की, खरी अडचण भूमितीच्या गणितापेक्षा ‘प्रकार’ या कल्पनेच्या स्वरूपातच अधिक आहे.

या इतिहासाचा आरंभ १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सादर झालेल्या दोन प्रबंधांत आढळतो. आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’मुळे संगणकाच्या पडद्यावर प्रत्यक्ष रेखाटन करणे शक्य झाले. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी याच्या उलट दिशेने विचार केला. छायाचित्रातून रेषा काढावयाच्या आणि त्या रेषांवरून मूळ घनवस्तू ओळखावयाची, हा त्यांचा उद्देश होता. त्यासाठी त्यांनी घन, पाचर व षट्कोनी चिती असे तीनच नमुने गृहीत धरले. हे नमुने ताणून, फिरवून वा एकमेकांस जोडून समोरच्या रेषांशी जुळतात की नाही, हे आज्ञावली तपासत असे. पद्धत तर्कशुद्ध होती. परंतु जो नमुना यादीत नाही, तो तिला ओळखता येणे शक्य नव्हते.

१९७१ साली डेव्हिड हफमन आणि मॅक्स क्लोज यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे निराळा मार्ग दाखविला. संपूर्ण वस्तूचे नाव विचारण्याऐवजी प्रत्येक रेषेचा अर्थ त्यांनी विचारला. ही कडा बहिर्वक्र आहे, अंतर्वक्र आहे, की एका पृष्ठाने दुसऱ्यास झाकल्यामुळे दिसणारी सीमा आहे? एका शिरोबिंदूशी मिळणाऱ्या रेषांना ठरावीकच अर्थ संभवत असल्याने, परस्परविसंगत अर्थ गाळता येत. तथापि हे सर्व चित्राचे वाचन होते. वस्तूची मागील बाजू अज्ञातच राहत असे.

१९७०च्या दशकात घनवस्तूच संगणकात साठविण्याची शास्त्रे उदयास आली व मागील बाजूचा प्रश्न मिटला. यात दोन संप्रदाय निर्माण झाले. रॉचेस्टर विद्यापीठात हर्बर्ट व्होल्कर आणि अरिस्टिडीस रेक्विचा यांनी मूलभूत आकारांची बेरीज, वजाबाकी व छेद यांच्या योगे वस्तू रचण्याची पद्धती विकसित केली. केंब्रिज येथे इयन ब्रेड यांच्या ‘बिल्ड’ या प्रणालीत वस्तूची सीमा, म्हणजे पृष्ठे, कडा व शिरोबिंदू, नोंदविली जात असे. पहिल्या पद्धतीत आकारांची नावे टिकतात. परंतु एकच खाचेचा ठोकळा दोन ठोकळ्यांच्या वजाबाकीने किंवा तीन ठोकळ्यांच्या बेरजेनेही सिद्ध होतो. यांपैकी खरे नाव कोणते? दुसऱ्या पद्धतीत सीमा निःसंदिग्ध असते. नाव मात्र लुप्त होते.

हे लुप्त नाव केवळ मोजणीने परत मिळत नाही. ऑयलरच्या सूत्रानुसार घनाचे ८ शिरोबिंदू, १२ कडा आणि ६ पृष्ठे यांचा हिशेब ८ − १२ + ६ = २ असा जुळतो; पण शिखर छाटलेल्या चौरस पिरॅमिडचाही हिशेब नेमका हाच आहे. म्हणून पृष्ठांची समांतरता आणि कोन तपासावेच लागतात. वृत्तचितीच्या बाबतीत आणखी एक सूक्ष्म भेद आहे. दंडाचे आणि भोकाचे पृष्ठ एकाच समीकरणाने दर्शविता येते. पृष्ठाचा बहिर्मुख लंब अक्षापासून दूर जात असेल तर तो दंड, अक्षाकडे वळत असेल तर ते भोक.

१९८० साली किप्रियानू यांनी केंब्रिज येथील प्रबंधात कडांच्या बहिर्वक्र-अंतर्वक्र भेदाच्या आधारे खळगे व उंचवटे शोधून यंत्रभागांचे वर्गीकरण करण्याची रीत मांडली. हफमन व क्लोज यांना जो भेद चित्रावरून अनुमानावा लागला होता, तो येथे गणनेने निश्चित करता आला. १९८८ साली जोशी आणि चँग यांनी पृष्ठे ही बिंदू व कडा ही त्यांना जोडणारे दुवे मानून आलेख रचला. दोन अंतर्वक्र कडांनी जोडलेली तीन पृष्ठे म्हणजे खाच, असा त्यात नियम करता आला. परंतु दोन खाचा परस्परांना छेदताच पृष्ठे तुटतात, कडा नाहीशा होतात आणि नियम लटका पडतो. म्हणून १९९३ साली व्हॅन्डेनब्रँड व रेक्विचा यांनी पूर्ण नमुन्याऐवजी उरलेल्या खुणांवरून अनुमान बांधून ते पडताळण्याचा मार्ग स्वीकारला.

रचनेचा इतिहासच जपून ठेवला तर हा खटाटोप कशाला, असा आक्षेप संभवतो. तसे जपणाऱ्या प्रणाली १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आल्याही. परंतु १९९४ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप’ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या द्वारे एका प्रणालीतून दुसरीत आराखडा जातो, तेव्हा सामान्यतः सीमाच पोहोचते, इतिहास पोहोचत नाही. शिवाय तो पोहोचला तरी प्रश्न उरतोच. रचनाकाराने आधारासाठी जोडलेली पातळ भिंत ही यंत्रावर काम करणाऱ्याच्या दृष्टीने दोन खळगे कोरल्यावर शिल्लक राहिलेला भाग होय. एकाची बेरीज ती दुसऱ्याची वजाबाकी. दोघांचेही नाव योग्यच आहे, कारण दोघांचे कार्य भिन्न आहे.

सारांश, घनाकृतीचा प्रकार हा केवळ तिच्या पृष्ठांत दडलेला गुण नव्हे. आकार आणि त्याच्याशी करावयाचे कार्य यांच्यातील तो संबंध आहे. आज्ञावली पृष्ठे अचूक मोजू शकते. नाव कोणासाठी शोधावयाचे, हे मात्र तिला आधी सांगावे लागते.