जन्मतारीख १ जानेवारी १९७०

२०१७ची गोष्ट. बारावी झालेल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज आमच्या सॉफ्टवेअरने फेटाळला. कारण दिलं होतं, 'वयोमर्यादा ओलांडली'. सिस्टिमच्या लेखी तिचं वय सत्तेचाळीस. तिचे वडील फोनवर शांतपणे म्हणाले, "सर, सत्तेचाळीस तर माझंही नाही अजून." मुदत संपायला दोन दिवस होते.

चूक शोधण्यात त्यातला दीड दिवस गेला. तिच्या नोंदीत जन्माची वेळ दिसत होती, पहाटे साडेपाच. तिथे ट्यूब पेटली. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं. जागतिक प्रमाणवेळेनुसार तेव्हा मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे साडेपाच. जन्मतारखेचा रकाना रिकामा राहिला होता, रिकाम्याचं वाटेत शून्य झालं आणि शून्याचं १९७०. वय काढणारा कोड बिनचूक होता. चूक होती 'अर्जदार' या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, आणि तो मी लिहिला होता.

कन्स्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट जन्माला येताना एकदाच चालणारा कोड. नाव, तारीख, मार्क द्या, 'अर्जदार' तयार. माझ्या कन्स्ट्रक्टरने जे आलं ते मुकाट्याने घेतलं. दारात 'कोण, कुठून, कागद दाखवा' असं विचारायचं काम नेमकं कुणाचं, हे नंतर मी शोधत बसलो. त्या प्रश्नाला चांगला पन्नास वर्षांचा इतिहास निघाला.

सुरुवात ओस्लोमध्ये. नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगॉर्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा घडवली. तिच्यात क्लासला पॅरामीटर देता येत आणि ऑब्जेक्ट तयार होताना क्लासमधला कोड चाले. म्हणजे तपासणीची जागा पहिल्यापासून होती. ती जागा इतकी महत्त्वाची का, हे १९७२ साली टोनी होअर यांनी एका निबंधात मांडलं. प्रत्येक ऑब्जेक्टबद्दल एक अट कायम खरी असली पाहिजे. तिला 'इन्व्हेरियंट' म्हणतात. जन्मताना अट खरी असेल आणि नंतरची प्रत्येक क्रिया ती खरीच ठेवत असेल, तर ती कधीच मोडणार नाही. पण जन्मालाच खोटी असेल, तर पुढचं सगळं वाळूवरचं बांधकाम.

गंमत अशी, की १९६५ साली अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी 'नल', म्हणजे 'इथे काहीच नाही' असा संदर्भ आणणारेही होअरच. २००९ मध्ये त्यांनी स्वतःच तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. माझी रिकामी तारीख त्याच घराण्यातली.

१९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी सी भाषेला क्लास जोडायला घेतले. त्यातून सी प्लस प्लस आली आणि कन्स्ट्रक्टर घराघरात पोचला. पण एक अडचण होती. कन्स्ट्रक्टर काही उत्तर परत देत नाही. तारीख चुकीची आहे हे कळलं तरी सांगणार कसं? मग ऑब्जेक्टवरच 'मी बिघडलोय' अशी खूण करायची आणि वापरणारा ती बघेल अशी आशा धरायची. १९९० च्या सुमाराला भाषेच्या आराखड्यात एक्सेप्शन आले, तेव्हा कन्स्ट्रक्टरला 'नाही' म्हणता येऊ लागलं. माहिती चुकीची, तर ऑब्जेक्ट जन्मणारच नाही.

मग वाद उरला जबाबदारीचा. आयफेल भाषेचे जनक बर्ट्रांड मेयर म्हणत, हा करार आहे. अटी स्पष्ट लिहा. योग्य माहिती देणं हे देणाऱ्याचं कर्तव्य, तेच तेच सगळीकडे तपासल्याने नुसता पसारा वाढतो. जावाच्या जगात जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या पुस्तकात सांगितलं, सुरुवातीलाच तपासा, चूक दिसली की लगेच थांबा. कन्स्ट्रक्टरमध्ये तर नक्कीच, कारण तिथे घेतलेली माहिती साठवली जाते आणि नंतर भलत्याच ठिकाणी दगा देते.

आमच्याकडे काय झालं? मला वाटलं, फॉर्मवाले तपासतील. फॉर्मवाल्यांना वाटलं, आत मी तपासेन. करार होता, पण फक्त मनातल्या मनात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. मेयर यांचा करार लिहिलेला असतो, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

दुरुस्ती दोन ओळींची होती. तारीख नसेल तर कन्स्ट्रक्टर एक्सेप्शन फेकतो. फॉर्मवरही आता 'जन्मतारीख भरा' असं लाल अक्षरात येतं, कारण भरणाऱ्याला एक्सेप्शन दिसून उपयोग नाही, त्याला वाक्य दिसलं पाहिजे. मुलीचा अर्ज शेवटच्या दुपारी पुन्हा भरला गेला.

मग मी डेटाबेसमध्ये १ जानेवारी १९७० शोधलं. आणखी अकरा जण निघाले. त्यांच्यापैकी एकाचाही फोन आला नव्हता. बहुधा त्यांना वाटलं असेल, कॉम्प्युटर म्हणतोय म्हणजे बरोबरच असेल. संध्याकाळपर्यंत आम्ही एकेकाला फोन लावत बसलो.