बोले ठराव आणि सार्वजनिक पाणवठे : मुंबई कायदेकौन्सिलातील एका बिनसरकारी सभासदाचे कार्य

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला (२० मार्च १९२७) निर्णायक स्थान आहे. या सत्याग्रहाच्या प्रत्येक वर्णनात 'बोले ठराव' हा शब्दप्रयोग येतो आणि बहुधा एका वाक्यात संपतो. तो ठराव मांडणारे रावबहादूर सीताराम केशव बोले त्या वाक्याच्या पलीकडे क्वचितच दिसतात. ते मंत्री नव्हते, सरकारी अधिकारी नव्हते की कौन्सिलातील एखाद्या बलाढ्य पक्षाचे पुढारीही नव्हते. त्या काळच्या भाषेत ते 'बिनसरकारी सभासद' होते. आजच्या संसदीय भाषेत त्यांची गणना मागच्या बाकावरील सदस्यांत करावी लागेल. प्रश्न विचारणे, ठराव मांडणे आणि फार तर एखादे खाजगी विधेयक आणणे एवढीच साधने अशा सभासदाच्या हाती असत. या मर्यादित साधनांनी पाणवठ्यासारखा गावपातळीवरचा प्रश्न कायदेमंडळात नेल्यावर काय साधले आणि काय अडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बोले यांची पार्श्वभूमी

बोले हे मुंबईतील भंडारी समाजाचे पुढारी होते. १९०९ साली स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. गिरणगावातील कामगारवस्ती, तिच्यातील कोकणातून आलेली माणसे आणि त्यांच्या अडचणी यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ संबंध आला. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा मुंबईत त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली होती. त्या सभेचे अध्यक्ष बोले होते. याच प्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र या विद्यार्थ्याला भेट दिले. केळुसकरांच्या भेटीचा उल्लेख चरित्रकार आवर्जून करतात. अध्यक्षस्थानी कोण होते, हे मात्र वाचकांच्या सहसा लक्षात राहत नाही.

कौन्सिलाची रचना आणि ठरावाची ताकद

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य इत्यादी खाती 'सोपीव' म्हणून लोकप्रतिनिधींतून नेमलेल्या मंत्र्यांकडे गेली. महसूल, पोलीस, न्याय ही 'राखीव' खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली. असहकाराच्या धोरणामुळे काँग्रेसने १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. त्यामुळे पहिल्या सुधारित कौन्सिलात मवाळ, ब्राह्मणेतर आणि विविध हितसंबंधांचे प्रतिनिधी यांना एरवी मिळाला असता त्याहून अधिक अवकाश मिळाला. बोले यांचा ठराव याच कौन्सिलाच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षातील आहे.

येथे एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. कौन्सिलाने संमत केलेला ठराव म्हणजे कायदा नव्हे. ती सरकारला केलेली शिफारस असे आणि ती स्वीकारण्याचे कोणतेही बंधन सरकारवर नसे. बोले ठरावाचा उल्लेख कित्येकदा 'कायदा' असा केला जातो. ही केवळ शब्दाची चूक नाही, कारण पुढील चार वर्षांचा सारा इतिहास याच फरकातून घडला आहे.

४ ऑगस्ट १९२३ चा ठराव

सार्वजनिक पैशातून बांधलेले व राखले जाणारे, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या व्यवस्थेखालील सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू द्यावा, अशी शिफारस या ठरावाने केली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी कौन्सिलाने तो संमत केला.

या ठरावाची शब्दयोजना बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यात धर्माचा उल्लेख नाही. शास्त्रवचन नाही. अस्पृश्यता पाप आहे किंवा नाही, या वादात तो शिरतच नाही. तो केवळ दोन कसोट्या लावतो : पैसा कोणाचा आणि व्यवस्था कोणाकडे? सार्वजनिक निधीत अस्पृश्यांच्या करांचाही वाटा असल्यामुळे त्या निधीतून उभी राहिलेली विहीर त्यांना बंद ठेवण्याचे समर्थन करणे अवघड होते. अस्पृश्यतानिवारणाविषयीचे त्या काळचे बरेचसे लेखन आणि वक्तृत्व सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाला आवाहन करणारे होते. बोले यांनी हाच प्रश्न जमाखर्चाच्या वहीत आणून ठेवला. ही त्यांच्या संसदीय बुद्धीची खूण मानावी लागेल. मद्रास कौन्सिलात रेट्टमलै श्रीनिवासन यांनी सार्वजनिक रस्ते व विहिरींसंबंधी याच धर्तीचा ठराव १९२४ मध्ये मांडला. त्यावरून हा विचार एका प्रांतापुरता नव्हता, असे दिसते.

मात्र या कसोटीला तिची मर्यादाही होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढून खोदलेली विहीर, खाजगी आवारातील आड, देवळाच्या मालकीची पुष्करणी हे सारे ठरावाच्या कक्षेबाहेर राहिले. खेड्यातील अस्पृश्यांचा रोजचा झगडा पुष्कळदा अशाच पाणवठ्यांवर होता. शहर आणि तालुक्याचे गाव यांना ठराव जितका लागू पडत होता, तितका तो वाडीवस्तीला लागू पडत नव्हता.

सरकारी आदेशातील दोन भाषा

सप्टेंबर १९२३ मध्ये मुंबई सरकारने ठरावाच्या अनुषंगाने आदेश काढला. हा आदेश आकाराने लहान आहे. पण संपूर्ण प्रकरण समजून घेण्यासाठी तो मुळातून वाचला पाहिजे. सरकारच्या मालकीच्या व सरकारी खर्चाने चालणाऱ्या जागा आणि संस्था यांच्यापुरता ठराव अंमलात आणावा, असे खातेप्रमुखांना सांगण्यात आले. नगरपालिका व लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र भाषा बदलते. आपापल्या हद्दीतील स्थानिक संस्थांनी ही शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करावा, असा सल्ला कलेक्टरांनी त्यांना द्यावा, असे आदेश म्हणतो.

म्हणजे कौन्सिलाने सरकारला शिफारस केली, सरकारने कलेक्टरांना कळवले, कलेक्टरांनी नगरपालिकांना सल्ला द्यायचा आणि नगरपालिकांनी विचार करायचा. विहिरीवरील रहाटापर्यंत पोहोचेस्तोवर ठरावातील जोर अशा रीतीने उतरत गेला. यात सरकारची केवळ टाळाटाळ होती, असे म्हणणे एकांगी ठरेल. स्थानिक स्वराज्य हे तत्त्वच त्या काळी नवे आणि नाजूक होते. निवडून आलेल्या नगरपालिकेवर वरून हुकूम लादणे हे त्या तत्त्वाशी विसंगत ठरते, असा बचाव सरकारला उपलब्ध होता. परंतु ज्या नगरपालिकांत अस्पृश्यांना नाममात्र किंवा मुळीच स्थान नव्हते, त्यांच्या स्वेच्छेवर अस्पृश्यांचे पाणी सोपवणे म्हणजे प्रश्न जेथून आला तेथेच परत पाठवणे होते.

पुढील पाऊल : अनुदानाचा चाप

बोले यांनी हा अनुभव ओळखला. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी कौन्सिलात पुन्हा ठराव आणला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान रोखावे, असा त्याचा आशय होता. पैशाच्या कसोटीवर उभ्या राहिलेल्या ठरावाला पैशाचाच चाप लावण्याची ही कल्पना सुसंगत होती. तथापि हीदेखील शिफारसच होती.

याच सुमारास बोले यांच्याच प्रयत्नांतून पुढे आलेल्या ग्रामजोशी विधेयकाशी तुलना केल्यास फरक ठळक होतो. यजमानाने दुसऱ्याकडून अथवा भटाविना धर्मकृत्य करून घेतले तरी वतनदार जोशाला दक्षिणेवर हक्क सांगता येत असे. ओतूरच्या प्रकरणापासून सत्यशोधक मंडळी या हक्काशी झगडत होती. १९२६ च्या कायद्याने तो हक्क संपुष्टात आला. येथे प्रश्न न्यायालयात सांगता येणाऱ्या मागणीचा होता आणि ती मागणी अग्राह्य ठरवणारे एक कलम पुरेसे होते. पाणवठ्याच्या बाबतीत असे सोपे कलम नव्हते. तेथे कोणा एकाचा हक्क रद्द करायचा नव्हता. सबंध गावाची वहिवाट मोडायची होती आणि ती मोडणाऱ्याला संरक्षण द्यायचे होते.

महाड

कुलाबा जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांना वापरू देण्यास आपली हरकत नसल्याचे नमूद केले. सरकारी सल्ल्याला दिलेले हे उत्तर होते. प्रत्यक्षात तीन वर्षे तळ्यावर काहीही बदलले नाही. बाजारहाट, कचेरी, कोर्टकाम यांसाठी आसपासच्या गावांतून येणाऱ्या अस्पृश्यांना पाण्यासाठी गावाबाहेरील आपल्या वस्तीतील विहिरीकडेच जावे लागे. 'हरकत नाही' आणि 'हक्क आहे' यांतील अंतर महाडकरांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. त्याच वर्षाच्या आरंभी ते नामनियुक्त सभासद म्हणून कौन्सिलात आले होते. म्हणजे सभागृहातील ठराव आणि तळ्याचा काठ या दोन्हींशी त्यांचा एकाच वेळी संबंध होता. परिषदेनंतर प्रतिनिधींनी मिरवणुकीने जाऊन तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. कौन्सिलातील मूळ ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. हा योगायोगच असावा. पण शिफारशीवर उभ्या केलेल्या सवलतीचे आयुष्य किती असते, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

डिसेंबर १९२७ मध्ये काही सवर्ण रहिवाशांनी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. न्यायालयाचा मान राखून तळ्यावरील कृती मात्र स्थगित ठेवण्यात आली.

न्यायालयाची कसोटी

हा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. तळे खाजगी मालकीचे असल्याचे म्हणणे खालच्या न्यायालयांत टिकले नव्हते. उच्च न्यायालयापुढे उरला तो वहिवाटीचा प्रश्न. अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादि काळापासून चालत आली असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असा न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या निकालाचा गाभा आहे.

अभ्यासकांनी या निकालाकडे थोड्या सावधपणे पाहिले पाहिजे. अस्पृश्यांचा विजय झाला. परंतु तो समतेच्या तत्त्वावर झाला नाही, बोले ठरावाच्या आधारेही झाला नाही. पुरावा अपुरा पडला म्हणून प्रथा हरली. पुरावा पुरेसा असता तर काय, हा प्रश्न न्यायालयाने खुला सोडला होता. तरीही तळे नगरपालिकेचे, म्हणून सार्वजनिक, ही जी बाब दाव्यात निर्णायक ठरली, तीच चौदा वर्षांपूर्वी बोले यांनी आपल्या ठरावाचा पाया म्हणून निवडली होती.

सल्ल्याची जागा शिक्षापात्र कायद्याने घेण्यास मुंबई प्रांतात १९४६ चा हरिजन सामाजिक अपात्रता निवारण कायदा यावा लागला. १९५० मध्ये अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदातील दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांचा उल्लेख आहे. ती ठिकाणे पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेली असावीत, अथवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेली असावीत, असे तेथे म्हटले आहे. यातील पहिली कसोटी १९२३ च्या ठरावातीलच आहे. 'अंशतः' हा शब्द आणि लोकांसाठी अर्पण केलेल्या ठिकाणांचा समावेश ही भर मात्र नंतरची. १९२३ च्या ठरावाच्या कक्षेबाहेर राहिलेल्या कित्येक विहिरी याच भरीमुळे कायद्याच्या कक्षेत येऊ शकल्या.