दिनविशेष : १ एप्रिल – थट्टेचा दिवस आणि खऱ्या वार्ता

एप्रिल महिन्याचा पहिला दिवस जगाच्या मोठ्या भागात थट्टामस्करीचा दिवस म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे ‘एप्रिल फूल’ हा शब्दप्रयोग शाळकरी मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सर्वांना परिचित आहे. मात्र याच दिवशी देशातील सरकारी कार्यालयांत आणि पेढ्यांत नव्या आर्थिक वर्षाच्या हिशेबाचे पहिले पान उघडले जाते. ज्या दिवशी कोणत्याही वार्तेवर सहजी विश्वास ठेवू नये असा प्रघात आहे, त्याच दिवशी अनेक अत्यंत गंभीर घटना घडल्या आहेत.

या प्रथेचा उगम निश्चितपणे सांगता येत नाही. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याने १५६४ साली वर्षारंभ १ जानेवारीपासून धरण्याचा आदेश काढला आणि जे जुन्या पद्धतीप्रमाणे वसंत ऋतूतच नववर्ष साजरे करीत राहिले त्यांची थट्टा होऊ लागली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती आकर्षक असली तरी तिच्यात एक अडचण आहे. फ्लेमिश कवी एदुआर्ड द देने याच्या १५६१ मधील कवितेत, १ एप्रिल रोजी आपल्या सेवकाला निरर्थक कामांसाठी वणवण फिरविणाऱ्या एका सरदाराचे वर्णन आढळते. म्हणजे ही प्रथा त्या आदेशाहून जुनी ठरते. फ्रान्समध्ये मुले आजही एकमेकांच्या पाठीवर नकळत कागदी मासा चिकटवतात, तर इंग्लंडमध्ये थट्टा दुपारी बारापर्यंतच करावी असा संकेत आहे. त्यानंतर थट्टा करणाराच मूर्ख ठरतो.

प्रसारमाध्यमेही यात मागे राहिली नाहीत. १९५७ साली बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या गंभीर वृत्तविषयक कार्यक्रमात स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागातील शेतकरी झाडांवरून स्पॅगेटीचे ‘पीक’ तोडताना दाखविण्यात आले. त्या काळी ब्रिटनमध्ये हा इटालियन पदार्थ फारसा प्रचलित नव्हता आणि निवेदन रिचर्ड डिम्बलबी यांच्यासारख्या प्रतिष्ठित निवेदकाचे होते. त्यामुळे हे झाड कसे लावावे, अशी विचारणा करणारे दूरध्वनीही आले. याउलट २००४ साली गूगलने याच दिवशी एक गिगाबाइट साठवणक्षमतेची मोफत ‘जीमेल’ सेवा जाहीर केली, तेव्हा अनेकांना ती थट्टाच वाटली. अन्य मोफत सेवा त्या वेळी जेमतेम दोन ते चार मेगाबाइट जागा देत होत्या.

खरी गोष्ट थट्टा समजली गेल्याची सर्वांत दुःखद घटना मात्र १९४६ सालची आहे. त्या वर्षी १ एप्रिल रोजी अलास्काजवळील अल्यूशन बेटांच्या परिसरात समुद्रतळाशी तीव्र भूकंप झाला. उनिमाक बेटावरील स्कॉच कॅप येथील दीपगृह लाटेने उद्ध्वस्त झाले आणि तेथील पाचही तटरक्षक मृत्युमुखी पडले. तीच त्सुनामी पॅसिफिक महासागर ओलांडून सुमारे पाच तासांनी, सकाळी सातच्या सुमारास, हवाईतील हिलो शहरावर आदळली. मधल्या काळात इशारा देणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. ज्यांनी समुद्र मागे हटताना पाहिला त्यांनी आरडाओरडा केला; परंतु तारीख लक्षात घेऊन अनेकांनी तो विनोद समजून दुर्लक्ष केले, असे बचावलेल्यांनी पुढे सांगितले. हवाई बेटांवर १५९ जणांचा बळी गेला. त्यांत समुद्रकाठच्या लाउपाहोहो शाळेतील विद्यार्थी व शिक्षकही होते.

या आपत्तीनंतर १९४९ मध्ये हवाई येथे पॅसिफिक महासागरासाठी त्सुनामी इशारा केंद्र कार्यान्वित करण्यात आले. हिंदी महासागरात अशी व्यवस्था उभी राहण्यास २६ डिसेंबर २००४ चा प्रलय घडावा लागला. भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र हैदराबाद येथे ऑक्टोबर २००७ पासून कार्यरत आहे. योगायोग असा की, हवामानाचे निरीक्षण करणारा पहिला यशस्वी उपग्रह ‘टायरॉस-१’ हादेखील १ एप्रिललाच, १९६० साली, अमेरिकेने अवकाशात सोडला. तो केवळ ७८ दिवस चालला. पण ढगांची अवकाशातून घेतलेली चित्रे हवामानाच्या अंदाजासाठी उपयोगी पडतात हे त्याने सिद्ध केले.

भारतापुरते बोलायचे तर १ एप्रिल ते ३१ मार्च हे आर्थिक वर्ष १८६७ पासून रूढ आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेचे कामकाज १ एप्रिल १९३५ रोजी कोलकाता येथून सुरू झाले. दोन वर्षांनी तिचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईस आले. या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रायगड जिल्ह्यातले. गंमत म्हणजे १ एप्रिलला जन्मलेल्या या बँकेचे स्वतःचे हिशेबवर्ष अनेक दशके जुलै ते जून असे होते. ते २०२० नंतरच देशाच्या आर्थिक वर्षाशी जुळले.

१९३६ साली याच दिवशी ओरिसा हा स्वतंत्र प्रांत अस्तित्वात आला. भाषेच्या आधारावर निर्माण झालेला देशातील पहिला प्रांत म्हणून त्याचे महत्त्व आहे आणि आजच्या ओडिशात हा दिवस ‘उत्कल दिवस’ म्हणून साजरा होतो. त्याच दिवशी सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेस त्यानंतर आणखी २४ वर्षे लागली.

१९७३ मध्ये कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. त्या सुमारास देशात वाघांची संख्या सुमारे १८०० इतकीच उरल्याचे गणनेत आढळले होते. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत विदर्भातील मेळघाटाचा समावेश होता. २०२२ च्या गणनेनुसार वाघांचा सरासरी अंदाज ३६८२ आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदाही २०१० साली १ एप्रिलपासूनच लागू झाला.

विक्षिप्त सणांचीही या तारखेला उणीव नाही. फ्रेंच पाकशास्त्रलेखक ब्रिया-साव्हारँ यांचा जन्म १ एप्रिल १७५५ चा. त्याचे औचित्य साधून २००० सालापासून काही देशांत ‘खाद्यपुस्तक महोत्सव’ भरतो. केक, बिस्किटे, भाज्या यांपासून पुस्तके तयार करायची, ती पाहायची आणि मग खाऊन टाकायची. लिथुआनियाची राजधानी विल्नियस येथील उझुपिस या वस्तीतील कलावंतांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपले ‘प्रजासत्ताक’ घोषित केले. तेथे दरवर्षी या दिवशी नदीवरील पुलाशी पाहुण्यांच्या पारपत्रावर शिक्का मारला जातो. या प्रजासत्ताकाच्या संविधानाने कुत्र्यालाही कुत्रा असण्याचा अधिकार दिला आहे.

क्रिकेटप्रेमींसाठी आणखी एक नोंद. १९७१ साली प्रथम वेस्ट इंडीजमध्ये आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये भारताला पहिला मालिका विजय मिळवून देणारे कर्णधार अजित वाडेकर यांचा जन्म १ एप्रिल १९४१ रोजी मुंबईत झाला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.